पकडनकाशा

थंडीच्या दिवसांत करवंदी घाटात पहाटेचे दव जांभ्याच्या भुग्यावर पडते आणि डांबरावर तांबड्या साबणासारखा एक पातळ थर तयार होतो. पूर्वी या थरावरून घसरून दरवर्षी काही दूधवाले जायबंदी होत आणि त्यांतला एखादा पुन्हा उठत नसे. आता कोणी पडत नव्हते. दव तेच होते, उतार तोच होता आणि मोटारसायकलीही त्याच होत्या: तीस-तीस वर्षांच्या, ड्रम ब्रेकच्या, मागे दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवलेल्या. फरक एवढाच, की प्रत्येक गाडीच्या सीटखाली आता जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवलेली होती.

नव्या गाड्यांना अशी व्यवस्था कारखान्यातूनच मिळते. अडचण जुन्यांची होती. लाखो जुन्या गाड्या एका आदेशाने भंगारात काढता येत नाहीत, कारण त्यांच्यावर लाखो घरे चालतात. म्हणून ‘चक्रगती’ या संशोधन संस्थेने जुन्या गाडीलाच नवी जाणीव देण्याचा मार्ग काढला. दोन्ही चाकांच्या मध्याशी एक दातेरी कडी बसवायची. तिचे दाते किती वेगाने सरकतात हे एक संवेदक मोजतो. ब्रेक दाबल्यावर गाडीच्या मानाने चाकाचा वेग एकदम उतरला, तर चाक अडकू लागले आहे असे पेटी समजते. मग एक छोटी मोटर ब्रेकची तार क्षणभर सैल करते आणि पुन्हा ताणते, आणि पापणी लवेपर्यंत हे अनेकदा घडते. उलट, वेग वाढवताना मागचे चाक जागेवरच गरगरू लागले, तर पेटी इंजिनाच्या काही ठिणग्या गाळते आणि चाक भानावर येते. वीस वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीला ही ‘पकडपेटी’ सक्तीची झाली, आणि ती बसवल्याचा पश्चात्ताप झालेला स्वार संस्थेच्या डॉ. ऋतुजा बेडेकर यांना अद्याप भेटला नव्हता.

पेटीचे खरे सामर्थ्य मात्र पकडनकाशात होते. रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर चाकाला किती पकड मिळाली, हे प्रत्येक पेटी रस्त्याकडेच्या खांबांना कळवी आणि ते खांब मागून येणाऱ्या पेट्यांना. त्यामुळे निसरडे वळण येण्याआधीच मागच्या गाडीचा वेग आपोआप उतरे. स्वाराला एवढेच वाटे, की गाडी जरा आळसावली आहे. एका गाडीचा अनुभव क्षणार्धात सगळ्या गाड्यांचा होई. या कल्पनेच्या निर्मात्यांत ऋतुजा होती आणि तिला तिचा रास्त अभिमान होता.

दर महिन्याला दोन दिवस ती घाटमाथ्यावरच्या तपासणी केंद्रात बसत असे. पौषातल्या एका दुपारी पन्नाशीचा एक दूधवाला तिच्यासमोर आला आणि त्याने नायलॉनच्या पिशवीतून पकडपेटी काढून टेबलावर ठेवली. त्याचे नाव संग्राम खोत.

“पेटी खोललीत?” ऋतुजाने विचारले.

“खोलली न्हाई, नुसती काढली. सील बघा की, हाय तसं हाय.” तो खुर्चीच्या कडेवर बसला. “ही पोरीला चिमटं काढतीया, मॅडम.”

चिमटा हा शब्द दूधवाल्यांचा होता. सरळ चाललेल्या गाडीचे मागचे चाक मधेच एकदा किंचित वळवळे आणि लगेच शांत होई. संस्थेच्या माहितीपत्रकात याला ‘सूक्ष्म समायोजन’ म्हटले होते. माहितीपत्रक कोणी वाचत नसल्यामुळे चिमटा हाच शब्द रूढ झाला होता.

“चिमटा सगळ्यांनाच जाणवतो.”

“आधी मलाच जास्त काढायची. आमची ईश्वरी दिवाळीपासनं दूध घालायला लागली, तवापासनं माझी गाडी गप, आणि तिची दर वळणाला अंग झाडतीया. पेट्यांची अदलाबदल केली. तरी तिलाच. टायर बदललं. तरी तिलाच. मग गाड्याच बदलल्या.”

“आणि तरी तिलाच.”

“व्हय. म्हणजे गाडी न्हाई, पेटी न्हाई. ऱ्हायली पोरगीच.”

ऋतुजा संशयी वृत्तीची होती आणि या वृत्तीनेच तिला आजवर साथ दिली होती. “खोतसाहेब, नवख्या स्वाराला धक्का अधिक जाणवतो. तुम्हाला तो मुलीच्या बाबतीत अधिक दिसतो. यात यंत्राचा दोष असेलच असे नाही.”

“नवखी? माझ्यापरास बरी चालवती ती.”

“वडिलांना तसे वाटणारच.”

“मला कौतुक न्हाई वाटत, राग येतोय,” संग्राम म्हणाला. “अठरा वर्षं घाट उतरतोय मी.”

त्याचे समाधान व्हावे म्हणून ऋतुजाने त्या दुपारी केंद्रातली एक जुनी गाडी घेतली आणि ती स्वतः घाट उतरून पुन्हा वर आली. संग्राम मागून येत होता. तिला एकही चिमटा जाणवला नाही आणि तिने ते त्याला थोड्या समाधानानेच सांगितले.

संग्राम हसला. “तुमास्नी कशाला काढंल ती? तुमी पडाल.”

तो थट्टेने बोलला होता. ऋतुजाने हेल्मेट काढले, पण ते बोलणे थट्टेवारी नेले नाही. मग आत जाऊन तिने घाटातल्या सर्व पेट्यांची गेल्या हंगामाची मापने पडद्यावर मागवली. अंधार पडण्यापूर्वीच संग्राम बरोबर असल्याचे स्पष्ट झाले.

दुसऱ्या दिवशी तिने बापलेकीला केंद्रात बोलावले. ईश्वरी वीस वर्षांची होती. सकाळी दूध आणि दुपारी कॉलेज असा तिचा दिनक्रम होता. बापाशेजारी न बसता ती खिडकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

ऋतुजाने टेबलावर एक जाड पुस्तक ठेवले. “याला एका बोटाने हळू ढकला.”

संग्रामने ढकलले. पुस्तक हलले नाही.

“आता सांगा, टेबलाने पुस्तकाला किती घट्ट धरले आहे?”

“कसं सांगणार? हललं कुठं ते?”

“बरोबर. तुम्ही लावलेल्या जोरापेक्षा पकड जास्त आहे, एवढेच कळले. ती नेमकी किती, हे पुस्तक सरकू लागते त्याच क्षणी कळते. रस्त्याचेही असेच आहे. चाक मजेत फिरत असते तेव्हा रस्ता आपली मर्यादा सांगत नाही. ती जाणून घ्यायची, तर कोणाचे तरी चाक त्या मर्यादेपर्यंत न्यावे लागते. म्हणून पेटी अधूनमधून मागचा ब्रेक जरासा ओढते, चाक निसटण्याच्या काठावर आणते आणि लगेच सोडते. याला आम्ही चाचपणी म्हणतो. दव पडले, ऊन आले, ट्रकमधून डिझेल सांडले की जुने माप निरुपयोगी ठरते. चाचपणी सतत चालू ठेवावी लागते.”

“म्हणजे चिमटा,” ईश्वरी म्हणाली.

“चिमटा.”

“आणि कुणाला काढायचा, हे कोण ठरवतं?”

ऋतुजाने या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक मांडले. कोणी ठरवले नव्हते. संगणकाला एकच उद्दिष्ट दिले होते: रस्त्यावर एकूण पडणाऱ्यांची संख्या कमीत कमी ठेवणे. प्रत्येक चिमट्यात पडण्याचा अत्यल्प धोका असतो. तो धोका ज्याला सर्वांत कमी, त्याच्याकडे चाचपणी सोपवली की एकूण धोकाही सर्वांत कमी होतो. हे त्या यंत्रणेने स्वतःच शोधून काढले होते. चाक वळवळल्यावर स्वार किती लवकर आणि किती नेमका सावरतो, हे ती मोजत असे. हँडल धरण्याच्या ढबीवरून ती स्वाराला ओळखत असे. मग पेटी बदलली काय आणि गाडी बदलली काय.

“म्हणजे वर्गात हुशार म्हणून मलाच जादा गृहपाठ,” ईश्वरी म्हणाली.

“हसतीस काय?” संग्राम म्हणाला.

“मग काय रडू? पहिला नंबर आलाय घाटात.”

“एक गोष्ट मला कळलेली नाही,” ऋतुजा म्हणाली. “ईश्वरीच्या प्रतिक्रिया उत्तम आहेत, पण इतका फरक केवळ त्यांनी पडू नये. तिच्या मागच्या चाकावर भारच दिसत नाही. किटल्या नसतात का?”

“तिच्या किटल्या मी घेतो,” संग्राम म्हणाला. “पोरगी नवी हाय. उतारावर मागं वजन असलं की गाडी ढकलती. म्हटलं, दोन-चार महिनं मोकळी चालवू दे, हात बसू दे.”

ऋतुजाने पडद्याकडे पाहिले. सांगणे टाळता आले असते, पण माहिती अर्धी सांगण्याची तिला सवय नव्हती. “मोकळी गाडी निम्म्या वेळात सावरते. तुम्ही तिचे वजन काढून घेतलेत, त्याच आठवड्यात यंत्रणेने चाचपणी तुमच्याकडून काढून तिच्याकडे दिली आहे.”

संग्रामने टेबलावरचे पुस्तक बाजूला सारले. बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता.

“मॅडम, पेट्या नव्हत्या तवा आमी धुक्यात एकाला म्होरं लावायचो. त्याला नुसतं ‘पुढचा’ म्हणायचे. तो एक वळण पुढं चालायचा. तो पडला तर मागच्यांनी थांबायचं. पण त्याला सांगून लावायचो. आणि त्याच्या किटल्या बाकीचे वाटून घ्यायचे. जो पुढं, तो रिकामा. त्याच्या पोटाला कमी न्हाई पडू द्यायचं, त्याचं दूध आमी पोचवायचं. तुमच्या पेटीनं काय केलं? ओझं काढलेली पोरगी बघितली आणि न विचारता पुढं घातली.”

“तिला वगळणे माझ्या हातात आहे,” ऋतुजा म्हणाली. “आत्ता, इथून. फक्त त्याने काय होईल ते ऐका. चाचपणी तुमच्याकडे येईल. तुमच्या गाडीवर आता दोघांचे दूध आहे. तुमचा धोका तिच्या चौपट आहे. तुम्हालाही वगळले तर पाळी तुमच्यातल्याच महिपती घोलपांची.”

“काकाचा गुडघा वाकत न्हाई,” ईश्वरी म्हणाली. “त्यांना पाय टेकायलाच येत न्हाई.”

“म्हणून त्यांचा धोका त्याहून जास्त. आणि सर्वांनाच वगळले, तर नकाशा आंधळा होईल आणि घाट पूर्वीसारखा.”

“मला घाला मग,” संग्राम म्हणाला. “आधी मीच हुतो.”

“आणि तुम्ही पडलात तर मी काय करू, पप्पा? मोकळी गाडी घेऊन घरी जाऊ?”

ऋतुजाला एक मार्ग दिसत होता आणि तो तिला निर्दोष वाटत होता. यंत्रणेचे गणित बरोबर होते. त्रुटी एवढीच होती, की ज्याच्या जिवावर गणित चालले होते त्याला विचारले गेले नव्हते. ही त्रुटी दूर करता येण्याजोगी होती. करवंदी घाटापुरते प्रयोगाचे अधिकार तिच्याकडे होते. त्या रात्रीच तिने यंत्रणेत एक अट घातली: ज्याने होकार दिला असेल त्याच्याच गाडीने चाचपणी करावी. होकार पेटीवरच्या बटणाने द्यायचा आणि तो केव्हाही मागे घेता यायचा. बहुतेक जण नकार देतील, काही दिवस नकाशा विरळ होईल आणि तेवढी किंमत प्रामाणिकपणासाठी मोजावी लागेल, असा तिचा अंदाज होता.

उजाडता उजाडता दूधवाले घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जमले. ऋतुजाने त्यांना सर्व काही सांगितले: पुस्तक आणि टेबल, चिमट्याचे कारण, धोका किती, आणि सध्या तो कोणाच्या वाट्याला येतो. नावे सांगताना तिने ईश्वरीकडे पाहून आधी तिची परवानगी घेतली. सर्वांनी शांतपणे ऐकले. एकाने विचारले, नकार दिला तर पेटी बंद पडेल का. ती म्हणाली, नाही, ब्रेक आणि चाकाची राखण चालूच राहील, फक्त तुमच्या गाडीला चिमटा बसणार नाही.

तिचे बोलणे संपले तेव्हा महिपती घोलप उठले. लंगडत ते ईश्वरीच्या गाडीपाशी गेले. बाप आता तिचे दूध वाहणार नाही, असे घरी ठरल्यामुळे त्या दिवशी तिने प्रथमच स्वतःच्या किटल्या लावल्या होत्या. घोलपांनी त्यांतली एक आकड्यावरून उतरवली.

“काका, ऱ्हाऊ द्या,” ईश्वरी म्हणाली.

“गप. पुढच्यानं वजन उचलायचं नसतं.”

दुसऱ्याने दुसरी किटली घेतली. तिसऱ्याने हँडलला अडकवलेली लहान बरणीसुद्धा सोडवली. चर्चा झाली नाही. जुनी रीत होती आणि ती सर्वांच्या हातात बसलेली होती. गाडी अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. मग एकेकाने आपापल्या पेटीवरचे बटण दाबले: होय, होय, होय. सर्वांनी होकार दिला. आपल्या होकाराने काही बिघडणार नाही, हे एव्हाना प्रत्येकाला कळले होते. होकार देणाऱ्यांतून पेटी सर्वोत्तम स्वार निवडणार होती आणि सर्वोत्तम स्वार कोण, हे आताच सांगून झाले होते.

ईश्वरीचे बटण शेवटी राहिले. ऋतुजा तिच्याजवळ गेली. “तू नाही म्हणू शकतेस. हे बटण त्यासाठीच आहे.”

“माहीत हाय.” ईश्वरीने समोरच्या माणसांकडे पाहिले. तिच्या दुधाच्या किटल्या त्यांच्या गाड्यांवर चढल्या होत्या. “पण आता कसं म्हणू?”

तिने बटण दाबले. वर हसून म्हणाली, “कॉलेजात सांगते, चौदा माणसं माझं दूध वाहतात.”

नकाशा विरळ झाला नाही. उलट तो अधिक दाट झाला, कारण लपवण्यासारखे काही उरले नसल्यामुळे यंत्रणेला चाचपणी मोकळेपणाने करता येऊ लागली. संमती शंभर टक्के मिळाली होती. तिचे मोल किती, हे काढण्याचे सूत्र मात्र ऋतुजाला ठाऊक नव्हते. महिन्याच्या आत आणखी दोन घाटांतून तशाच बटणाची मागणी आली. तिथल्या दूधवाल्यांनी तर पुढचा स्वार आधीच निवडून ठेवला होता.

पुढच्या खेपेला ऋतुजाने प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. ती संग्रामच्या गाडीवर, किटल्यांच्या मधे कशीबशी जागा करून बसली. ईश्वरी ठरल्याप्रमाणे एक वळण पुढे होती. धुके होते, पण घाट सुरेख उतरत होता. प्रत्येक निसरड्या तुकड्याआधी गाडी हलकेच मंदावे, तुकडा ओलांडला की पुन्हा मोकळी होई. हँडलवरच्या पट्टीवर पुढच्या रस्त्याची पकड आकड्याने उमटत होती. ऋतुजाला आपले काम इतके जवळून चाललेले पूर्वी कधी अनुभवता आले नव्हते.

“रोज असंच जाता?” तिने विचारले.

“रोज. गाडी मंदावली की कळतं, पोरगी इथं डुलली.” संग्राम म्हणाला, “पुन्हा वेग आला की जीव भांड्यात पडतो.”

मोरीजवळच्या वळणाच्या बरेच अलीकडे गाडी मंदावली. नेहमीपेक्षा जास्त मंदावली. ऋतुजाने संग्रामच्या खांद्यावरून पट्टीवरचा आकडा वाचला. एरवी त्या आकड्यापुढे शंकेचे एक छोटे चिन्ह असे, कारण चिमट्यात चाक मर्यादेच्या काठापर्यंतच जाते आणि पुढचा भाग अनुमानाने काढावा लागतो. आज ते चिन्ह नव्हते. मर्यादा पूर्णपणे ओलांडली गेली होती, म्हणून माप अचूक होते. इतके स्वच्छ माप तिने या घाटात कधी पाहिले नव्हते.

“घसरली,” संग्राम म्हणाला.

“हो.”

“सावरली का?”

“ते नकाशात येत नाही.”

त्याने मान अर्धी वळवली. ऋतुजाने त्यामागचे कारण सांगितले. कारण होते आणि ते योग्य होते. कोणी पडल्याची सूचना फक्त रुग्णवाहिका केंद्राला जाते. ती मागच्या स्वारांना दाखवली तर माणसे घाबरून एकदम ब्रेक मारतात आणि पाठोपाठ पडतात. प्रयोगात तसे दिसून आले होते. म्हणून मागच्यांना रस्त्याची माहिती द्यायची आणि माणसाची द्यायची नाही, असे ठरले होते.

संग्रामने पुढे पाहिले. धुक्यात ईश्वरीच्या गाडीचा लाल दिवा दिसत नव्हता. त्याने वेगाची मूठ पिळली, पूर्ण पिळली. इंजिनाचा आवाज क्षणभर चढला आणि लगेच बसला. पुढच्या रस्त्यावर पकड किती आहे, हे पेटीला आता नेमके ठाऊक होते. त्या पकडीला सोसेल तेवढाच वेग तिने गाडीला दिला आणि गाडी संथपणे, अत्यंत सुरक्षितपणे वळणाकडे चालत राहिली.